नळाचा दिवस

वरची खोली सहा महिन्यांसाठी मागितली
तेव्हाच सांगून टाकलं:
भिंतीला लागून कोंगारींचे आठ माग आहेत,
रात्रपाळी चालते, नंतर तक्रार नको.
आमच्या अंबादासनं ते इंग्रजीत केलं.
बाई हसली. म्हणाली, मागांसाठीच तर आलोय.
दुपारी हसायला काय जातंय.

मार्या आणि युहान. एस्टोनियाचे.
कुठं आलं ते? पोरानं मोबाइलवर दाखवलं,
बोटानं नकाशा ढकलत, इतका वर, इतका वर,
वाटलं आता काचेतून बाहेरच पडेल.
भाड्याच्या वहीत मी लिहिलं: वरचे.

पहिली रात्र त्यांनी गच्चीवर बसून काढली.
दुसरी, कानांत कापूस घालून.
खट्टक-खट, खट्टक-खट,
एक भिंत धोटा फेकते, दुसरी झेलते.
आम्हाला ऐकू येत नाही.
मुद्दाम कान दिला तरी येत नाही.

कडक भाकरी पाठवली
तर युहाननं तिचं ताट केलं,
वर केळं सोलून ठेवलं, खाल्लं,
मग ताटावर टिचकी मारली असेल, ताट मोडलं.
खाली आला, दोन तुकडे ओंजळीत,
भरपाई किती विचारत.
टॉवेलच्या कारखान्यातून कमी केल्यापासून
आमचे हे पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

तिसऱ्या रात्री अडीचला नळ आला.
पाच दिवसांनी येतो, तासभर असतो.
मी जिना चढून दार बडवलं: नीळ्ळू! नीळ्ळू!
घाईत मला मराठी सुचत नाही.
दोघं धावत बाहेर.
पायांत बूट, हातांत पासपोर्ट.
मी पासपोर्ट काढून घेतले, घागरी दिल्या.

चौथ्या दुपारी भांडले.
पत्रा तापून तडतडत होता, त्यातूनही येत होतं ऐकू.
एक अक्षर कळलं नाही. कळायचं ते कळलं:
इथं यायचं कुणी ठरवलं,
आणि कुणी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.
मग स्टीलचा पेला पडला, गडगडत जिन्यापर्यंत आला.
मग बराच वेळ काही नाही.
सुपातल्या विड्यांचा हिशेब चुकला माझा.
सासूबाई करीमनगरहून आल्या, अंगावरच्या लुगड्यानिशी,
त्यांनीही केलं असेल हे भांडण, याच उन्हात,
कुणी करू दिलं असेल तर.
मी तर दोन गल्ल्या ओलांडून आले,
तरी पहिले आठ दिवस
बादली कुठं ठेवता, एवढं विचारायची लाज वाटायची.

पाचव्या रात्री लाइट गेली. माग थांबले.
पंखाही थांबला, पण उठलो ते त्यानं नाही.
हे अंथरुणात बसलेले. मी बसलेली.
वर पावलं.
गच्चीवर गेलो तर दोघं कठड्याशी उभे.
मार्यानं कानाला हात लावला, भिंतीकडे बोट केलं,
म्हणाली, कुठं गेलं?
मराठीत. अंबादासनं चप्पल शोधताना शिकवलेलं असणार.
हे म्हणाले, येतंय की. जातंय कुठं.

चौघं बसलो. युहाननं पाव आणला,
त्यावर आमच्याच शेंगाचटणीचा थर,
डोळ्यांतून पाणी, खाणं थांबेना.
तळ्याकडून वारा आला,
आला असं आपलं म्हणायचं.
कुणी काही बोललं नाही. बोलणार कशात?

चारला लाइट आली. भिंतीनं धोटा फेकला.
मी जिना उतरेपर्यंत वर घोरणं सुरू,
त्याचं की तिचं, सांगता येईना.

सकाळी अंगणात बघते तर
नळाखाली बादली, मागं घागर, पातेलं,
त्यांचा तो प्रवासातला थर्मास,
सगळं रांगेत, उंचीप्रमाणे.

नळाला अजून दोन दिवस होते.
मी काही हलवलं नाही.
झाडायला आलेल्या बाईलाही सांगितलं,
तेवढं सोडून झाड.