कारण : इतर

एक्याण्णवच्या जनगणनेला माझ्या वाट्याला तिवरपाडा आला.
मालाडहून निघालेली बस मिठागराच्या अलीकडेच वळायची.
कंडक्टर खाली उतरून चाकाला दगड लावायचा, बिडी पेटवायचा.
पुढे बांधावरून पायी, चपला हातात,
पिशवीत सरकारी फॉर्म, गेरूचा डबा, काडीला गुंडाळलेलं फडकं.
घरं त्रेचाळीस. दुपारच्या आत दारांवर आकडे काढून झाले.
एस्पेरांस बाय म्हणाली, मास्तरीण, क्रुसाच्या खाली काढ गो,
वर नको, वरची जागा भरलेली हाय.
निघताना कागदात सुकट बांधून दिली.
आठवडाभर फॉर्मांना वास येत होता.

मग रस्ता आला.
आला म्हणजे आधी एक माणूस आला, तवरे नावाचा,
चिखलात तिपाई उभी करून एक डोळा मिटणारा.
बायनं विचारलं, काय बघतोस रे?
तो म्हणाला, पातळी.
कसली, ते काही बोलला नाही.

मुरूम पडला, डांबर पडलं, बस तीन थांबे पुढे सरकली.
थांबा म्हणजे तसं काय, एक खांब आणि वर पत्रा.
पण खांबाला टेकून पानाची टपरी,
टपरीमागे झेरॉक्स,
झेरॉक्सच्या मागे दवाखाना,
दवाखान्याच्या मागे बाळंतपणं.

दोन हजार एक. गेरू पुरला नाही.
त्रेचाळीस अ, त्रेचाळीस ब, करत करत ज्ञपर्यंत पोचले,
तेव्हा डबा धरणारा माझाच विद्यार्थी म्हणाला, बाई, आता?

फॉर्मात एक प्रश्न होता : स्थलांतराचं कारण.
नोकरी एक, धंदा दोन, शिक्षण तीन, लग्न चार,
जन्मानंतर पाच, कुटुंबासोबत सहा.
गिरणगावातली खोली विकून आलेले गंगाराम पेडणेकर
बराच वेळ चष्मा पुसत राहिले,
मग म्हणाले, बस. लिहा की, बस. सरळ स्टेशनात जाते.
बसला रकाना नव्हता. इतर : सात.
शेजारच्या दारात रुकसाना अन्सारी म्हणाली, सडक.
सात.
रात्री तपासायला बसले तर पानभर सात,
ओळीनं टांगलेले गळ.
टाकले कुणी, कळेना. लागलेले मात्र मला नावानिशी ठाऊक.

अकराच्या फेब्रुवारीत, अठ्ठावीसच्या रात्री, बेघरांची मोजणी.
उड्डाणपुलाच्या कामावर, सिमेंटच्या नळ्यात
माल्द्याचा नजीबुल, मच्छरदाणी मात्र नीट बांधलेली.
राहतोस कुठे?
म्हणाला, जिथे पूल होत असेल तिथे.
कारण?
त्यानं वर क्रेनकडे बोट केलं.
नोकरी, एक. त्या रात्री एवढंच उत्तर चौकोनात नीट बसलं.
पूल झाला आणि तो गेला.
आकड्यात मात्र दहा वर्षं इथेच राहिला.

एस्पेरांस बायचं घर सापडलं नाही.
रुंदीकरणात गेलं. क्रूस तेवढा दुभाजकात उभा,
झेंडूची माळ घालून, दोन्हीकडून रिक्षा.
लेक विरारच्याही पल्याड गेला म्हणतात,
तिथे नवा रस्ता होतोय.
तिकडच्या मास्तरणीनं त्याच्यापुढे काय लिहिलं असेल?

माझं सांगायचं राहिलं.
कर्ज काढून इथेच घर घेतलं, दोन हजार चारला,
चपला हातात घेऊन चालायची त्याच बांधावर, तळमजला.
स्वतःचा फॉर्म भरताना पेन थोडं थांबलं,
मग मीही सात लिहिला, आणि पान उलटलं.

दर दिवाळीला रंग देते.
चार महिने जात नाहीत तोच भिंतीतून पांढरं काही फुलून येतं,
बोटाला लागतं, जिभेला खारट.
रंगारी नवा आहे, गोंड्याचा.
खरवडता खरवडता विचारतो,
आंटी, ये आता कहाँ से है?