ळ

तक्त्यावर ह च्या पलीकडे, क्ष च्या अलीकडे
ळ उभा.
त्याच्यापासून शब्दच सुरू होत नाही,
म्हणून छापणाऱ्याने लिहिले: ळ बाळाचा,
आणि दुपट्यातले गुबगुबीत बाळ काढले.

माळोलीची सरकारी प्राथमिक शाळा:
चार इयत्ता, एक खोली, मी,
हजेरीपटावर सहा नावे.
सहाची पाच झाली तर
कुलूप लावून किल्ली वाळपईला आणून द्या,
साहेब चहा पिता पिता म्हणाले होते.
सव्वासातला पिवळी व्हॅन येते,
गावातली बाकीची मुले टाय सावरत चढतात.
मी काय बोलू? माझा मुलगाही
तसल्याच व्हॅनने गेला, दहा वर्षे.

सहावे नाव निंगव्वा.
आईबाप कुळागरात सुपाऱ्या सोलतात.
घरी कानडी, वाटेवर कोंकणी,
माझ्यासमोर मान खाली.
ऑगस्टात एकदा मी तक्त्यावर पट्टी टेकवली,
ळ बाळाचा.
"बाळे!"
पहिल्यांदाच बोलली. केवढ्याने!
आणि बोट खिडकीबाहेर,
विहिरीकाठच्या घडाने वाकलेल्या केळीकडे.
दर्पण गावस खो खो हसला:
"केळें गो तें! बाळ न्हय."

तिच्या आईच्या भाषेत केळीला बाळे म्हणतात
हे एकोणीस वर्षांच्या नोकरीत
कुठल्याच प्रशिक्षणात कोणी सांगितले नव्हते.
मी खडू घेतला.
बाळ. बाळे. केळें. केळ.
निंगव्वा उठली, फळ्यापाशी आली,
आडव्या पडलेल्या आठासारखे ते अक्षर
चारही ठिकाणी बोटाने दाबून पाहिले,
ओल्या भिंतीवर डास मारावा तसे.

मग महिनाभर आम्ही ळ गोळा करत सुटलो.
नळ, विळा, कुळागर, माळोली.
दर्पणने बांगडो सांगितला,
त्यात ळ नाही म्हटल्यावर रुसून बसला.
शाळा हा शब्द मात्र कोणालाच सुचला नाही,
मलाही नाही.
आम्ही तिच्या आतच होतो.

फेब्रुवारीतला शनिवार. थांब्यावर मी,
आणि निंगव्वा, आईबरोबर.
आई दर वेळी कोणाला तरी विचारते, ही वाळपईची का?
कोणी सांगतो,
कोणी मोबाइलमधून मान वर करत नाही.
कदंबा वळणावरून आली, थांबली.
आई विचारायला पुढे झाली,
पोरीने पदर धरून मागे ओढले.
वा,
तिने पाटीवर डोळे लावले.
बायका चढल्या, टोपल्या चढल्या.
ळ. हवेत बोटाने आडवा आठ.
कंडक्टरने बेल मारली.
प.
बस निघाली.
ई, ती धुरळ्यात म्हणाली.

आईने पाठीत धपाटा घातला,
आणि लगेच, त्याच जागी, हात फिरवत राहिली.
पुढची बस पावणेदोनला.
चढायचे मीही विसरले होते.