राहिलेलं अक्षर

हेस्टर क्वर्नबी दगड कोरणाऱ्याच्या दुकानात आली
तेव्हा तिच्या पिशवीत दोन लीक होते, एक पाव,
आणि गुंडाळलेला कागद,
युद्धस्मारकावर धरून पेन्सिलीनं घासलेला.
बाहेर लिंकनशरचं सपाट आभाळ.
आत ओस्वाल्ड पिंडर, भुवयांपर्यंत पांढरा,
कुणाच्या तरी जन्मसालातला नऊ कोरत होता.

ती म्हणाली, "तुमच्या घराण्याकडे आमचं एक अक्षर राहिलंय.
एकोणीसशे वीसपासून."

आडनावाचं असं आहे:
समुद्रापलीकडून आलेले डेन लोक जात्याला क्वर्न म्हणत,
वस्तीला बी.
म्हणजे जातेगाव म्हणा हवं तर.
टेकाडाखाली सतरा चुली, एक विहीर, आणि दळण.
मग जमीनमालकाच्या लक्षात आलं
की माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात.
सतरा उंबऱ्यांवर गवत आलं.
निघालेल्यांना पुढच्या गावानं विचारलं, कुठले तुम्ही?
त्यांनी सांगितलं. तेच चिकटलं.
गाव होतं तोवर हे कुणाचंच आडनाव नव्हतं;
स्वतःच्या गावात
कोण कुणाला गावाच्या नावानं हाक मारतो?

पुढे पाद्री भेटले, काही बहिरे, काही घाईतले.
बाप्तिस्म्याच्या वहीत कर्नबी,
लग्नाच्या वहीत व्हार्नबी,
आणि पुरताना आणखी तिसरंच.
माणूस एकच. त्याला लिहिता येत नव्हतं,
तो फुली मारायचा,
आणि फुली कधी चुकली नाही.

मुली होत गेल्या. एक क्लार्क झाली, दोघी हॉल्डरनेस.
मुलगे हेरिंगच्या बोटींवर गेले, सगळे परतले नाहीत.
टेलिफोनच्या पुस्तकात आता एकच ओळ,
वर क्वेल, खाली क्विक.
औषधाच्या दुकानात, बँकेत, गॅसवाल्याला
हेस्टर जन्मभर एकेक अक्षर सुटं करून देत आली,
वाटाणे सोलून द्यावेत तसं.
तरी पाकिटं येतात ती क्वीन्सबीबाईंना.

तिनं कागद उलगडला. ई. क्वेन्बी.
"हा एनॉक. माझा काका. एकोणीस वर्षांचा.
तुमच्या आजोबांनी आर गाळलाय.
आर गेला की जात्याची राणी होते, आमचे मास्तर म्हणायचे.
आता आम्ही कुठल्या राण्या?
आमच्या अंगावर पीठ."

ओस्वाल्डनं कागदावरून बोट फिरवलं.
क्यूच्या शेपटीतला आळस त्यानं ओळखला; आजोबाच.
"जागा नाही," तो म्हणाला. "ई आणि एनच्या मधे
सुरीचं पातंही जाणार नाही.
अख्खा दगड तासावा लागेल,
म्हणजे वरचा पेल आणि खालचा रॅस्डेलही."

(मी हे माझ्या लिपीत लिहितोय.
इथे र कुणाला सरक म्हणत नाही,
उडी मारून न च्या डोक्यावर बसतो.
पण दगड इंग्रज होता.)

"नको," हेस्टर म्हणाली. "त्या पोरांना हात लावू नका."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, पत्ता सांगावा तशी:
"माझ्यामागे कुणी नाही. तेव्हा एकदा नीट असावं, इतकंच."

कौन्सिलकडचा अर्ज अजून कुठल्याशा टेबलावर आहे.
एका रविवारी, लोक चर्चमध्ये असताना,
ओस्वाल्ड बारीक छिन्नी घेऊन गेला.
ओळीच्या वर, ई आणि एनच्या खांद्यांवर
त्यानं एक आर बसवला, चिमणीएवढा,
आणि खाली छोटं काकपद,
शाळेतली पोरं विसरलेला शब्द घुसवतात तसं.
हेस्टर वाऱ्याला छत्री आडवी धरून उभी.

एका अक्षराचे किती, तिनं विचारलं.
त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

दगडाचा भुगा तिच्या काळ्या बाहीवर बसला होता.
बसमध्ये कंडक्टर म्हणाला, बाई, काहीतरी सांडलंय.
तिनं बाही पाहिली.
झटकली नाही.