कॉलम सात

जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या शेजारी
माझं टेबल. पान तीस रुपये. चुका माझ्या पदरच्या.
सोलापूरचा मे महिना, मानेवर ओला टॉवेल.

नरसम्मा म्हेत्रे आली जेवणाच्या सुट्टीत,
पिशवीत चौदा वर्षांच्या पगारचिठ्ठ्या, रबर लावून.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चेकर.
सुपरवायझर केलं ते तिनंच शिकवलेल्या पोरीला.

कारखान्याचं उत्तर सोबत होतं, लेटरहेडवर:
आमच्याकडे महिला सुपरवायझर आहेत, तीन.
अर्जदाराच्या समाजाचे मुकादम आहेत, दोन, डाइंग खात्यात.
सबब भेदभाव नाही.

मी वाचून दाखवलं.
"त्या तिघींत आमच्यातली एक नाही," ती म्हणाली,
"त्या दोघांत बाई नाही.
डाइंगला बायका घेत नाहीत, फोल्डिंगला आम्हाला.
मी कुठं उभी राहू, सांगा. जिन्यात?"

वकीलसाहेब बशीत चहा ओतत होते.
एकच धरा, बाई.
जात म्हणालात तर ते दोन मुकादम आणून उभे करतील,
बाई म्हणालात तर त्या तिघी.
दोन्ही म्हणालात
तर विचारतील, नक्की काय ते ठरवून या.

कॉलम सात. भेदभावाचे कारण.
कोणत्याही एका चौकटीत खूण करावी.

मी माउसवर हात ठेवून बसलो.
माझं नाव, आडनाव, सगळं
आजवर पहिल्याच ओळीत मावत आलंय.

तिनं माझ्या मानेवरचा टॉवेल ओढला,
उन्हावर धरला. बोट सरकत सरकत थांबलं.
"हे भोक.
नुसता उभा धागा गेला तर रेघ पडते,
आडवा गेला तरी रेघ.
रेघेचा माल सेकंडमध्ये खपतो.
दोन्ही एका जागी गेले की भोक, मग चिंध्यांत.
आमच्या रजिस्टरला भोकाचा वेगळा रकाना आहे.
बारावी नापास मालकानं आखलाय."

पुढचं तेलुगूत बोलली. ते टाइप करायचं राहिलं.

कॉम्प्युटर दोन चौकटी घेईना.
प्रिंट काढली. तिनं माझंच पेन घेतलं
आणि एका चौकटीतून दुसरीत
तिरपी, एकच, लांब खूण ओढली.

सोमवारी अर्ज परत आला.
शेरा: खूण संदिग्ध.

मंगळवारी ती आली, टेबलावर तीस रुपये ठेवले.
नवीन पान लावा, म्हणाली.
खूण तीच राहील.
जाड पेन आहे का?