सत्तावीस पौंड हवा

"बेन, सौथी मोटुं," म्हणाला कृपेश अमीन
आणि फोन माझ्या नाकासमोर धरला:
कुणाच्या तरी बॉनेटखाली
नारळाएवढा टर्बो, चकाकता,
वरातीतल्या कर्ण्यासारखा तोंड वासून.

मकरपुऱ्यात दुपारची वीज गेलेली.
शेजारच्या शेडमधली लेथ गप्प.
मी ड्रॉवरमधून ग्राफपेपर काढला,
कलाभवनात लागलेली सवय,
आधी पेन्सिल, मग पाना.

इंजिन तुझं अठराशेचं.
साडेसहा हजार फेऱ्यांवर स्वतःच्या दमानं
मिनिटाला तेरा पौंड हवा ओढतं.
तुला हवेत दोनशे सत्तर घोडे.
पौंडाला दहा घोडे, असा ढोबळ हिशेब,
म्हणजे सत्तावीस.
दाबाचं गुणोत्तर दोन पॉइंट तीन,
फिल्टर वाटेत खातो तेही धरून.

आणि हा कंप्रेसरचा नकाशा.
आडवा कापलेला कांदा,
अगदी आतल्या चकतीत हवा कमीत कमी तापते.
डावीकडची ही रेघ ओलांडलीस
तर दाबलेली हवा उलटी फिरते,
चाक ठसका लागल्यासारखं खोकतं.
उजवीकडे फार गेलास
तर नुसतं भिरभिरतं, तापतं,
पदरात काही पडत नाही.

तुझ्या फोटोतल्याचा नकाशा शेजारी ठेवला.
तीन हजारांवर बारा पौंड.
पेन्सिल टेकवली
तर बिंदू रेघेच्याही पलीकडे,
वहीच्या समासात.

"रोज कुठं चालवतोस?"
"एक्स्प्रेसवे."
मी बघत राहिले.
"म्हणजे रविवारी. एखाद्या."
आणि सोमवार ते शनिवार
अलकापुरीचं गरनाळं,
रेसकोर्सचं सर्कल,
क्लास सुटल्यावर कारेलीबागेत
एका ॲक्टिवावर तिघं, आणि मध्येच गाय.
तिथं तीन हजारांच्या वर सुई जाते कधी?
त्यानं खाली पाहिलं. मी खोडरबर शोधत होते.

मीही घेतला होता एकदा मोठा.
हालोल रस्ता, पहाटेचे पाच.
पाय दाबला,
एक, दोन,
तीनपर्यंत काहीच नाही,
मग सगळं एकदम,
स्टिअरिंग हातातून हिसकावून घेतल्यासारखं.
शेजारी नीलकंठ हसत होता.
घरी पोचल्यावर हसला नाही.
गाडी विकून मी ही शेड घेतली,
तो न्यू जर्सीला गेला.
तिकडं आता त्याची बॅटरीवरची गाडी आहे.
परवा फोनवर म्हणाला,
पाय ठेवला की निघते गं,
मध्ये काही नसतंच.
मला वाटलं तक्रार करतोय.
विचारलं नाही.

हे कृपेशला सांगितलं नाही.
त्याला सांगितलं, एक्झॉस्टकडची हाउसिंग लहान घेऊ,
पॉइंट सहा चारची.
वरची थोडी ताकद जाईल,
खालची झोप उडेल.
इंटरकूलर मात्र ऐपतीबाहेरचा घे,
पेट्रोल पंप बदल,
आणि ट्यूनिंगच्या पैशात घासाघीस नको.

फडताळावरून खोका काढला.
त्यानं टर्बो तळहातावर घेतला, वजन बघितलं.
"आ तो वाटकी छे, बेन."
वाटीच आहे.
मी पुढं वाकून
एका बोटानं चाकाला टिचकी मारली.
बॉल बेअरिंगवरचं ते,
आवाज न करता फिरत राहिलं,
पाती दिसेनात इतकं,
मग दिसू लागली, एकेक,
मग शाफ्टवरची नटाची खूण.

ते थांबेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.
मग वीज आली,
पलीकडे लेथ सुरू झाली,
आणि त्या आवाजावर आवाज चढवून
त्यानं विचारलं,
"ॲडव्हान्स किती?"