पाटी

साइमीच्या घोट्यावर मी शेवटचा ठिपका चिकटवतो,
करडा, वाटाण्याएवढा.
एकूण एकोणचाळीस.
बाहेर युवास्क्युलाचं तळं गोठलंय,
तीन वाजताच अंधार,
आणि हॉलमध्ये बारा कॅमेरे लाल डोळ्यांनी जागे.

"तौनो, हात किती गार तुझे!"
गारच असतात.
तू पळ.

पाच पावलं सरळ, मग वळण.
वळणावर ती आत कलते, पडते की काय इतकी.
शेवटून दुसऱ्या पावलाला कंबर जराशी खाली बसते,
काही मागायचं असल्यासारखी.
मग टाच.

जमिनीतली पाटी सांगते:
वजनाच्या सहापट.
छपन्न किलोची पोर,
एका पायावर तीनशे छत्तीस,
तेही एकशे साठ मिलिसेकंद.
एवढ्यात तर आपलं 'अरे' सुद्धा होत नाही.

टाचेमागची कंडरा ताणते,
उसनं घेते,
आणि शंभरातले नव्वद तरी जागच्या जागी परत करते.
उरलेल्याची ऊब.
असा देणेकरी मला बँकेतही भेटला नाही.

माझी तुटली सत्त्याऐंशीत, लाप्पीनरांटाला.
वाटलं, मागून कुणी लाथ घातली.
रागानं वळलो.
मागे कुणीच नव्हतं.

पडद्यावर आता ठिपक्यांची मुलगी,
चेहरा नाही, वेणी नाही.
पोटाजवळ एक तांबडा बिंदू: सगळ्या भाराचं मध्य.
ती पाठीवरून कमान होते,
आणि बिंदू बारच्या खालून जातो,
चार सेंटिमीटर.

साइमी वेलचीचा बन खाता खाता थांबते.
"म्हणजे मी वरून गेलेच नाही?"
गेलीस की.
आधी डोकं, मग खांदे, मग कंबर,
मग त्या दोन वेंधळ्या टाचा.
सगळी एकदम कधीच नव्हतीस वर.
"फसवणूकच ही," ती म्हणते,
आणि बार दोन सेंटिमीटर चढवायला सांगते.

ती गेल्यावर मी पाटीवर उभा राहतो.
एकोणऐंशी किलो. हलत नाही.
तरी रेष सरळ येत नाही,
दर ठोक्याला बारीकशी थरथरते,
छातीतली धडधड तळव्यातून जमिनीत उतरते म्हणे.
हे मी इतरांना शंभरदा समजावलंय.

डाव्या टाचेवर भार देऊन पाहतो. थोडाच.
संगणक विचारतो, नोंद ठेवायची?
नको.
बूट काढून
पुन्हा उभा राहतो.