उजवा कान

चार मीटरवर माझा कान अडला.
नाक दाबून फुंकलं, मान तिरकी केली, नुसतीच थुंकी गिळली,
जेर्लिनने पंजा हलवला: जराशी वर, आता परत खाली.
परत तिथंच.
आत कुणीतरी दाभण घेऊन बसलेलं.
शेवटी तिने अंगठा वर केला.
पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ होत नाही,
‘वर जा’ होतो.

बाकीचे दहाजण गेले.
आमची जवळजवळ अख्खी रात्रपाळी:
अंधारातही शीर शोधणारी अनालिझा,
डायलिसिसचे दोघे,
फार्मसीतला थेल्मोर, जो कालपासून माशांची नावं घोकत होता,
आणि मेट्रनबाई, वय एकोणसाठ,
फुलाफुलांची टोपी घालून.
वर्षभर दर पगारातून दोनशे पेसो काढून
विकत घेतलेला हा एक दिवस,
आणि मी बोटीवर,
रबरी सूट कमरेपर्यंत उतरवून
अर्धवट सोललेल्या केळ्यासारखी.

मानोय फेमियोने काही विचारलं नाही.
थर्मासमधली गोडमिट्ट कॉफी ओतली,
केळीच्या पानातला चिकट भात पुढे केला
आणि उलांडीच्या बांबूवर पाय सोडून
पाणी बघत बसला.
बोलायचं तर डावीकडून बोल, म्हणाला.
उजवा गेलाय.

ती बघ तुमची मोठी बाई, तो बोट दाखवतो.
मला नुसते बुडबुडे दिसतात.
भराभर श्वास घेते, पण घाबरून नाही. जिने चढायची सवय असणार.
(आहे. लिफ्ट तीन वर्षं बंद आहे.)
तो पलीकडचा मात्र घाबरलाय.
थांबला.
जेर्लिन गेली.
हं. आता बरा आहे.

मी अकरा वर्षं लोकांचे श्वास मोजतेय,
हिरव्या रेघेवर, चादरीच्या हलण्यावर,
पहाटे चार वाजता तर नुसत्या आवाजावर.
वरून असे,
पाण्याला मंद आचेवर उकळी यावी तसे
कधी पाहिले नव्हते.

कधी गेला कान?
मी विचारते, केसपेपर भरायचा असल्यासारखी.

चौदाव्या वर्षी.
रंग मारायचा कॉम्प्रेसर,
झाडांना पाणी घालायचा पाईप दातांत धरलेला,
चाळीस मीटर खाली, जाळ्याकडे मासे हाकायचे.
एक दिवस वरून दोरीला हिसके:
लवकर या, डिझेल संपतंय.
आलो लवकर.
माझा कान गेला. भावाचे पाय.
तो बसून जाळी विणतो हल्ली.
चांगली विणतो.
कॉफी गार होतेय तुझी.

लोक कान देतात, ऐकून झालं की परत घेतात.
ह्याने समुद्राला दिला
आणि समुद्राने ठेवून घेतला.

मी कॉफी प्यायले. गारच झाली होती.
सिकिहोरच्या डोंगरावर एक ढग येऊन टेकला, उठून गेला.
मानोय मध्येच म्हणाला, अकरा.
मग डोकी वर आली. अकरा.

काय तो गलका! कासव, कासव, एवढं मोठं,
थेल्मोर सगळी नावं विसरलेला,
अनालिझाच्या नाकातून थोडं रक्त, त्याचंही तिला कौतुक,
मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर मास्कचा लाल वळ
आणि त्या गप्प,
टोपी पिळत बसलेल्या, कितीतरी वेळ.
तुला फार वाईट वाटलं असेल ना, मला दहाजणांनी विचारलं.
मी नाही म्हटलं, तर कुणालाच पटलं नाही.

परतताना जांभई आली
आणि कान सुटला.
टक्.
इंजिन, लाटा, सगळ्यांचं हसणं
एकदम दोन्ही बाजूंनी आत शिरलं.
मानोय सुकाणूवर, माझ्याकडे पाठ करून.
त्याला कसं सांगावं,
सांगावं की नाही,
ह्या विचारात किनारा आला.